‘पॅथेटिक’ सिंफनी दयनीय कशी?

प्रश्न असा आहे: रशियन संगीतकार चायकोव्स्की यांच्या ‘पॅथेटिक’ या सहाव्या सिंफनीचा (सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) उल्लेख एका मराठी लेखात ‘दयनीय सिंफनी’ असा वाचला, हे भाषांतर योग्य आहे का?

माझ्या मते नाही. ‘रस्त्यांची अवस्था पॅथेटिक आहे’ असे आपण सर्रास म्हणतो तो अर्थ इंग्रजीमार्फत आलेला असून, त्यात कीव आणि थोडा तिरस्कारही आहे. सिंफनीचे रशियन नाव मात्र ‘पातेतिचेस्काया’ असे आहे आणि त्याचा अर्थ उत्कट, भावनेने ओथंबलेली असा होतो. मूळ ग्रीक ‘पाथोस’मध्ये दुःखभोगाबरोबर मनाला हलवणारी कोणतीही तीव्र भावना येते. छापील प्रतीवर हे नाव ‘पाथेतिक’ असे फ्रेंचमध्ये गेले, आणि इंग्रजी वाचकांनी ते आपल्या शब्दासारखे वाचले.

नाव कसे पडले याची हकीकत चायकोव्स्की यांचा धाकटा भाऊ मोदेस्त याने सांगितली आहे. २८ ऑक्टोबर १८९३ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये चायकोव्स्की यांच्याच संचालनाखाली पहिला प्रयोग झाला. दुसऱ्या दिवशी मोदेस्तने आधी ‘शोकात्म’ हे नाव सुचवले, ते नाकारले गेले, मग ‘पातेतिचेस्काया’ सुचवले आणि ते आवडले. हकीकत रंगतदार आहे खरी, पण प्रकाशक युर्गेन्सन यांच्या पत्रव्यवहारात हे नाव सप्टेंबरमध्येच आढळते. प्रयोगानंतर नवव्या दिवशी चायकोव्स्की वारले. साहजिकच नंतरच्या श्रोत्यांनी या नावात मृत्यूची चाहूल ऐकली.

‘करुण’ हा शब्द त्यामुळे मोह घालतो, आणि विलापासारख्या, अगदी विझत जाणाऱ्या शेवटच्या भागाला तो शोभतोही. पण करुणाचा स्थायीभाव शोक, आणि त्याआधीचा तिसरा भाग इतका जोमदार संचलनाचा आहे की मैफल संपली असे समजून श्रोते तिथेच टाळ्या वाजवतात. म्हणून ‘भावोत्कट’ हा शब्द मला जवळचा वाटतो. नाहीतर ‘पाथेतिक’ हा फ्रेंच उच्चारच ठेवावा. नुसते ‘सहावी सिंफनी’ म्हटले तरी बिघडत नाही: प्रयोगानंतर चायकोव्स्की यांनी मुखपृष्ठासाठी युर्गेन्सन यांना जो मजकूर कळवला, त्यात भाचा व्लादिमिर दाविदोव याला अर्पण आणि सहावा क्रमांक होता, ‘पातेतिचेस्काया’ नव्हते.