हिरवी खूण आणि चार आकडे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची फाइल परवा मिळाली. शाळेच्या स्मरणिकेच्या आतील पानांवर अक्षरांभोवती गुलाबी-निळसर झाक आली, मालकांनी सर्वांदेखत बोलून घेतले आणि तुझ्या पगारातून कागदाचे पैसे कापण्याची भाषा केली, हे वाचून वाईट वाटले. पण चार पानांच्या पत्रात छपाईआधीच्या संगणकीय तपासणीबद्दल, म्हणजे प्रीफ्लाइटबद्दल, तू एकच वाक्य पाच वेळा लिहिले आहेस : "प्रीफ्लाइटमध्ये सगळ्या खुणा हिरव्या होत्या, मग चूक कोणाची?" चूक तुझी आहे. पैसे कापणे अन्यायाचे आहे आणि त्याबद्दल मी मालकांशी बोलेन, परंतु त्यामुळे पहिले वाक्य बदलत नाही.

मी तुझी फाइल अॅक्रोबॅटमध्ये उघडली, शाईचे आकडे दाखवणारा आऊटपुट प्रिव्ह्यू लावला आणि बाराव्या पानावरील मुख्याध्यापकांच्या मनोगतातील एका काळ्या अक्षरावर कर्सर नेला. चार शाईंचे टक्के असे : सायन (निळसर) 75, मॅजेंटा (गुलाबी) 68, यलो 67, ब्लॅक 90. हे आकडे मला तोंडपाठ आहेत. आरजीबीमधील, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीतील, शुद्ध काळा रंग नेहमीच्या अमेरिकन प्रोफाइलने (रंग बदलण्याच्या कोष्टकाने) सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, बदलला की नेमके हेच निघतात. शाळेने मजकूर वर्डमधून पीडीएफ करून दिला, त्यातील काळा आरजीबी होता, प्रीफ्लाइटने तो दाखवला, आणि तू एका झटक्यात अख्खी फाइल सीएमवायके केलीस. रंग बदलण्याच्या त्याच चौकटीत 'प्रिझर्व्ह ब्लॅक' नावाचा पर्याय असतो. त्यावर खूण केली असती, तर काळी अक्षरे फक्त काळ्याच प्लेटवर राहिली असती. तू ती केली नाहीस. मग पुन्हा तपासणी चालवलीस, आणि आरजीबी कुठेच उरला नसल्यामुळे खूण हिरवी झाली. ती खोटे बोलली नाही. तू तिला जेवढे विचारलेस तेवढ्याचेच तिने उत्तर दिले. आपल्या लातूरच्या आडत बाजारात पोत्याचे वजन बरोबर भरले म्हणून आतले सोयाबीन कोरडे आहे, असे कोणी धरून चालत नाही. ओलावा वेगळा मोजावा लागतो. पीडीएफ/एक्स-1ए हे छपाईच्या फाइलींसाठीचे 2001 सालचे मानक तुझ्या फाइलने पाळले आहे, हेही खरे आहे. चार शाईंनी बनलेले काळे अक्षर त्या मानकाला चालते. मशीनला चालत नाही, एवढेच.

का चालत नाही, ते तू एकदा भिंग घेऊन पाहा. चार शाईंच्या चार प्लेटा एकमेकींवर बसताना केसभर इकडेतिकडे होतातच. आपल्याकडील उन्हाळ्यात कागद कडेने सुकून आक्रसतो, पावसाळ्यात ओल धरून फुगतो, आणि मशीनमन कितीही हुशार असला तरी ताव पहिल्या रंगाखाली होता तसाच चौथ्याखाली राहत नाही. छायाचित्रात ही केसभर चूक खपून जाते. दहा पॉइंटच्या अक्षरातील अनुस्वार आणि रफार मुळातच केसाएवढे असतात. तिथे ती लपणार कुठे? एका शाईचे अक्षर सरकले तर ते संपूर्ण सरकते, चार शाईंचे सरकले तर फाटते.

म्हणून सांगतो, आकडा वाच. पडद्यावर काय दिसते, हे मला सांगू नकोस.

हे मी शहाणपणाने शिकलो असे समजू नकोस. बऱ्याच वर्षांपूर्वी 14 एप्रिलच्या जयंतीचे एक मोठे पोस्टर माझ्या हातून गेले. पार्श्वभूमीला निळा रंग होता आणि पडद्यावर तो इतका गहिरा, इतका तेजस्वी दिसत होता की मी स्वतःवरच खूश होतो. तो आरजीबीचा निव्वळ निळा होता. बदलल्यावर त्याचे सायन 88 आणि मॅजेंटा 77 झाले, आणि ते दोन आकडे माझ्या डोळ्यांसमोर असूनही मी वाचले नाहीत, कारण पडद्यावर निळा दिसत होता. पहिले ताव बाहेर पडताच मशीनमन म्हणाला, "साहेब, हे जांभळं येतंय." मी त्याला मॅजेंटाची शाई कमी करायला सांगितली. त्याबरोबर त्याच पट्ट्यात येणारे चेहरे पांढरेफटक आणि हिरवट पडले. प्लेट नव्याने करायला वेळ नव्हता, तारीख पुढे ढकलता येण्यासारखी नव्हती, आणि तो निळा म्हणजे काही साबणाच्या वेष्टनावरचा निळा नव्हे. त्या निळ्याला लोकांच्या आयुष्यात काय अर्थ आहे, हे मराठवाड्यात राहून मी तुला सांगण्याची गरज नाही. मंडळाची मुले एक शब्दही वाईट बोलली नाहीत. त्या वर्षी मी त्या चौकातून मिरवणूक पाहायला गेलो नाही. निळा हवा असेल तेव्हा मॅजेंटा सायनपेक्षा निदान 30 टक्क्यांनी मागे राहिला पाहिजे, हा साधा नियम मला तेव्हाही माहीत होता. माहीत असणे आणि वाचणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

तू लिहितोस की नवा, महागडा मॉनिटर घेतला तर अशा चुका टळतील. घे, हरकत नाही. पण मॉनिटर प्रकाश दाखवतो आणि आपण शाई विकतो. कितीही चांगल्या पडद्यावर चार शाईंचा काळा आणि एका शाईचा काळा हे दोन्ही काळेच दिसतात, तिथे तुझे डोळे काय करणार? आकडा वाच.

शाईच्या बेरजेबाबतही हेच. आर्ट पेपरवर चारही शाईंची बेरीज साधारण 300 ते 330 टक्क्यांपर्यंत निभावते, वर्तमानपत्री कागदावर 240 च्या पुढे जाऊ नये. त्याहून अधिक शाई पडली की ती वाळत नाही आणि वरच्या तावाच्या पाठीला लागते. आऊटपुट प्रिव्ह्यूमध्ये एकूण शाईची मर्यादा घातली की जास्तीचा भाग उजळून दिसतो. दोन मिनिटांचे काम आहे.

या बेरजेवरून एकदा मी रात्री अकरा वाजता एक पुरवणी अडवून धरली होती. वर्तमानपत्री कागद होता, गडद छायाचित्रांत बेरीज 340 जात होती, ग्राहक दुरुस्तीला तयार नव्हता आणि मालक म्हणत होते, सोडून द्या. मी प्लेटा काढू दिल्या नाहीत. ग्राहक दुसरीकडे गेला आणि तिथे ते काम ठीकठाक छापले गेले, असे मला नंतर मुद्दाम ऐकवण्यात आले. तिथल्या माणसाने शाई कापली असेल, किंवा मशीन सावकाश चालवले असेल, किंवा ताव रात्रभर वाळत ठेवले असतील. मला हेकट म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण त्या रात्री माझ्यासमोर 340 हा आकडा होता, आणि तो वाचून न वाचल्यासारखे करणे मला एकदा पुरेसे महागात पडले होते. तीच फाइल आज आली तरी मी अडवीन.

असो. तुझ्या पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहेस की स्मरणिकेचे मुखपृष्ठ अजून छापायचे आहे. ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहायची होती. मी ती फाइलही पाहिली. शाळेच्या नावाची पांढरी अक्षरे ओव्हरप्रिंटवर आहेत, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापायची आहेत. पांढऱ्याला शाई नसते, त्यामुळे ती खालच्या निळ्यात बुडून जातील आणि मुखपृष्ठ बिननावाचे छापले जाईल. 'सिम्युलेट ओव्हरप्रिंटिंग' लावून पाहा, तुझ्या डोळ्यांदेखत नाव नाहीसे होईल. तो निळाही सायन 92, मॅजेंटा 80 आहे, म्हणजे पुन्हा जांभळा. खालच्या कोपऱ्यातील गडद झाडांवर बेरीज 352 आहे. आणि मागच्या पानावरील मुद्रकाच्या ओळीचा काळा पुन्हा तोच, 75, 68, 67, 90.

या चारही गोष्टी आज रात्री मूळ फाइलमध्ये दुरुस्त कर, पीडीएफमध्ये ठिगळे लावू नकोस. उद्या सकाळी दहापर्यंत मला फोन कर, आणि नाव, निळा, झाडे, मुद्रकाची ओळ या क्रमाने काय बदललेस ते आकड्यांसह सांग. तोवर प्लेटा काढू नका असा निरोप मी मालकांना दिला आहे. ते चिडले आहेत, तिकडे लक्ष देऊ नकोस.