सही करण्याआधी

प्रिय,

तुझी मेल दोनदा वाचली. दोन्ही शाळांनी फेलोशिप देऊ केली, मनापासून अभिनंदन. आईला सांगितलंस का? तिचा पहिला प्रश्न काय असेल ते मी आत्ताच सांगते: "बी.एड. नाही, तर शिकवणार कशी?" तिला म्हणावं, अमेरिकेत सरकारी शाळेत शिकवायला राज्याचा परवाना लागतो, खासगी निवासी शाळांत बहुतेक ठिकाणी लागत नाही. म्हणून तर हा फेलोशिपचा मार्ग निघाला. नुकतीच पदवी घेतलेली बावीस वर्षांची मुलगी घ्यायची, वर्ष-दोन वर्षं जुन्या शिक्षकाच्या हाताखाली ठेवायची. वसतिगृहातच राहायला जागा, मेसमध्ये जेवण आणि वर थोडं मानधन.

साताऱ्याच्या नातेवाइकांना सांगताना मी "शिक्षणसेवकासारखं" म्हणून मोकळी होते. आपल्याकडे २००० पासून ती पद्धत आहे, तीन वर्षं मानधनावर. पण तुला तो शब्द पुरायचा नाही. शिक्षणसेवकाच्या गळ्यात पहिल्या दिवसापासून पूर्ण वर्ग पडतो. फेलोला शिकवता शिकवता शिकायलाही वेळ देऊ, असं शाळेनं कबूल केलेलं असतं. कबूल केलेलं असतं, एवढंच म्हणते.

पहिल्या शाळेच्या नावानं तू हुरळली आहेस, ते मेलमध्ये दिसतंच. मीही हुरळले असते. आता तिचं पत्र पुन्हा काढ आणि नाव झाकून वाच. चार तुकड्या. तिन्ही मोसमांत कुठल्या ना कुठल्या खेळाचा संघ. आठवड्याला दोन रात्री वसतिगृहाची ड्यूटी आणि दर तिसरा शनिवार-रविवार. चार तुकड्या म्हणजे माझ्यासारख्या वीस वर्षं घासलेल्या बाईचं काम. ते तुझ्याकडून फेलोच्या मानधनात करून घेणार. "मार्गदर्शक शिक्षक नेमला जाईल" हे वाक्य आहे, पण कोण, कधी, किती वेळा वर्गात येणार, याबद्दल एक अक्षर नाही.

दुसऱ्या शाळेचं नाव तुझ्या मैत्रिणींनी ऐकलेलं नाही. तिथे तुकड्या दोन. आणि एक ओळ तू बहुधा घाईत ओलांडलीस: मार्गदर्शकाची एक तुकडी कमी केली आहे. शाळेनं त्या वेळेचे पैसे मोजलेत, हे लक्षात घे. नुसतं "आमच्याकडे मार्गदर्शन असतं" म्हणायला काही लागत नाही.

मला हे कशावरून कळतं, ते सांगते. माझ्या फेलोशिपच्या शाळेत वर्गात बाक नव्हते, एक मोठं लंबगोल टेबल होतं. एडवर्ड हार्कनेस नावाच्या धनिकानं १९३० मध्ये फिलिप्स एक्झिटर या शाळेला भली मोठी देणगी दिली आणि अट अशी, की मुलांनी शिक्षकाबरोबर टेबलाभोवती बसून बोलत शिकावं. बारा-एक मुलं आणि शिक्षक. ती पद्धत पुढे इतर शाळांत पसरली. मी नवोदयात शिकलेली. आमच्याकडे सर फळ्याजवळ आणि आम्ही चाळीसजण समोर. टेबल बघून मला वाटलं, किती छान, आणि मी त्या टेबलाशी बसून चाळीस मिनिटं एकटी बोलले. वर्गमूळं, घातांक, सगळं. तास संपल्यावर आपण फार सुंदर शिकवलं अशी माझी खात्री होती.

माझी मार्गदर्शक कोपऱ्यात बसून काहीतरी रेघोट्या ओढत होती. नंतर तिनं तो कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर तिनं लंबगोल काढला होता, कडेनं मुलांची नावं लिहिली होती, आणि कोण कोणाशी बोललं त्याच्या रेघा होत्या. एकूण एक रेघ माझ्यापासून निघालेली. दोन मुलांकडून परत आलेली. एका मुलापासून दुसऱ्या मुलाकडे जाणारी एकही नाही. पाच नावांना तर रेघेनं स्पर्शही केला नव्हता. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी परत आली आणि परत कागद दिला. अशा तीसेक आकृत्या माझ्याकडे आहेत. नोव्हेंबरातल्या कागदांवर मुलांमुलांमधल्या रेघा दिसायला लागतात. चार तुकड्या असत्या, तर तिला यायला आणि मला ते कागद बघत बसायला वेळ कुठून मिळाला असता?

जाता जाता: एक्झिटर गणित पाठ्यपुस्तकातून शिकवत नाही. तिथल्या शिक्षकांनी रचलेल्या गणितांच्या वह्या आहेत आणि त्या शाळेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. कुठेही गेलीस तरी उन्हाळ्यात त्यातली पन्नास गणितं स्वतः सोडव. नमुना तास घ्यायला लावला की उपयोग होईल.

आता वसतिगृह. तू लिहिलंस की "मुलींशी माझं छान जमेल, वयात फार अंतर नाही." मला नेमकी तीच काळजी वाटते. तू बावीसची, बारावीतली मुलगी अठराची. नवोदयात आमच्या निलगिरी सदनाच्या बाई पन्नाशीच्या होत्या, त्यांच्याशी मैत्री करायचं कोणाच्या मनातही आलं नसतं. तुझ्या खोलीत मात्र रात्री अकराला मुली येऊन बसतील. बसू दे. दार उघडं ठेव. फोनवर खासगी गप्पा नकोत, समाजमाध्यमांवर कोणाला जोडून घेऊ नकोस. आणि एखादी म्हणाली, "कोणाला सांगणार नाही असं वचन द्या, मग सांगते", तर वचन द्यायचं नाही. "तुझ्या जिवाला धोका असेल तर मला सांगावंच लागेल, पण मी तुझ्याबरोबर येईन" असं आधीच म्हणायचं. मुलांवर अत्याचाराचा संशय आला तर शिक्षकानं यंत्रणेला कळवणं इथे कायद्यानं बंधनकारक आहे, फेलोलाही. न्यू इंग्लंडातल्या, म्हणजे इथल्या ईशान्येकडच्या राज्यांतल्या, खासगी शाळांनी अशी प्रकरणं वर्षानुवर्षं कशी दाबली, ते बॉस्टन ग्लोब या वृत्तपत्रानं २०१६ मध्ये उघड केलं. त्यानंतर बहुतेक शाळा प्रशिक्षण कडक घेतात. दोन्ही शाळांना विचार, ऑगस्टमध्ये किती दिवस प्रशिक्षण असतं. उत्तर "एक दुपार" असं आलं, तर समज.

खेळाची धास्ती घेऊ नकोस. मला मुलींच्या क्रॉस कंट्रीचा, म्हणजे माळरानातून लांब धावण्याचा, संघ दिला होता, आणि मी आयुष्यात खो-खोशिवाय काही खेळले नव्हते. खरी परीक्षा होती मिनीबस चालवायची, त्यातही मागे घेण्याची. ते शिकून घे.

जेवणाचं मात्र ऐक. मेस सुट्टीत बंद असते. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला, मार्चमध्ये. छोटा कुकर ने. पण फोडणी खिडकी उघडून कर. माझ्या पहिल्या फेब्रुवारीत रात्री साडेनऊला मी मोहरी तडतडवली, धुराची घंटा वाजली आणि पूर्ण इमारत बाहेर. ओल्या केसांनी, चपला घालून, बर्फात बेचाळीस मुली. अग्निशमनाची गाडी येईपर्यंत हजेरी घ्यायची माझ्यावर, आणि यादी आत राहिलेली. मी नावं घेत गेले. एकही चुकलं नाही. अर्थात दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेपुढे उभं राहावं लागलं ते वेगळं.

व्हिसाचं तू विचारलं नाहीस, म्हणून मीच विचारते. तुझा ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी, बारा महिन्यांचा. गणिताच्या पदवीवर आणखी चोवीस महिने मिळू शकतात, पण त्यासाठी शाळा ई-व्हेरिफायमध्ये (कर्मचाऱ्यांची कामाची परवानगी तपासायच्या सरकारी यंत्रणेत) नोंदलेली हवी आणि प्रशिक्षणाच्या आराखड्यावर तिची सही हवी. दोन वर्षांची फेलोशिप घेऊन वर्षातच परतायची वेळ आलेली मुलं मी पाहिली आहेत. पुढचा एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा सोडतीनं मिळतो, विद्यापीठांना त्या सोडतीतून सूट असते. शाळा ना-नफा असली, तरी तेवढ्यानं तिला ती मिळत नाही. दोन्ही शाळांना आजच मेल टाक आणि लेखी उत्तर माग. तुझ्या कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयालाही दाखव.

पदवीही हवी असेल तर आणखी एक वाट आहे. पेन, म्हणजे पेनसिल्व्हेनिया, विद्यापीठानं २०१२ मध्ये काही निवासी शाळांना बरोबर घेऊन दोन वर्षांचा कार्यक्रम सुरू केला: शाळेत राहून शिकवायचं आणि त्यातूनच शिक्षणशास्त्राची मास्टर्स करायची. दमछाक होते, पण दोन गोष्टी एका खर्चात उरकतात. या वर्षी उशीर झाला, पुढच्या वर्षासाठी डोक्यात ठेव.

आणि पहिल्या शाळेला नकार द्यायचा असेल तर आधी एकदा विचारून बघ: "दोन तुकड्या कमी करता येतील का? मार्गदर्शक कोण, त्यांच्याशी अर्धा तास बोलू का?" हो म्हणाले तर सगळं पुन्हा मांडू. नाव वाईट नाही त्यांचं. मुदत वाढवून मागायलाही लाजू नकोस, आठवडा सहज देतात.

त्यांची उत्तरं आली की फोन कर. रात्री दहा ते अकरा सोडून. तेव्हा मी हजेरी घेत असते.

तुझी,
मावशी