एकाच जलकुंभावर शेजारच्या दोन वसाहती असतील, तर पाणी समान कसे मिळेल?
नाशिकला गंगापूर, दारणा आणि मुकणे या धरणांतून पाणी मिळते. मात्र एकाच जलकुंभावरील वसाहतींमधला तंटा बहुधा दाबातील फरकामुळे होतो. सखल भागातले नळ धो धो वाहतात आणि चढावरच्या घरांत जेमतेम करंगळीएवढी धार येते, म्हणून व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात आणि प्रत्येक वसाहतीच्या मुख्य फाट्यावर मीटर बसवून त्याची नोंद दोन्हीकडच्या रहिवाशांना पाहता यावी. माझ्या मते हे मीटरच सर्वांत महत्त्वाचे आहेत, कारण आकडे समोर नसले की वाद केवळ संशयावर वाढतो. नळाला थेट मोटार लावणे कटाक्षाने थांबवावे. त्यामुळे शेवटच्या घराचे पाणी तुटते, शिवाय जलवाहिनीतला दाब उतरून गळक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरू शकते.