वाचक विचारतात : फ्रान्सची क्रांती सोलापुरात कशी शिकवू?

प्रश्न : नमस्कार बाई. मी सोलापुरातल्या एका सीबीएसई शाळेत यंदा जूनपासून नववीला इतिहास शिकवतेय, पहिलंच वर्ष. फ्रेंच क्रांती, रशियन क्रांती, हिटलर असं सगळं आहे आणि हातात आठवड्याला दोन तास, त्यातला एक कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात जातोच. मुलं तोंडावर विचारतात, "मॅडम, फ्रान्सचं आपल्याला काय करायचंय?" त्यात परवा एक मुलगा म्हणाला की हिटलर भारी लीडर होता, रस्ते बांधले त्यानं, आणि सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मला पटकन काय बोलायचं सुचलंच नाही. पोर्शन पूर्ण करू की मुलांना समजावत बसू? - एक नवीन टीचर

उत्तर : तुला अगंतुगं करतेय, राग मानू नकोस, तीस वर्षं वर्गात घालवल्यावर ही सवय जात नाही. आधी पोर्शनचं बोलते. सगळं सारख्या वेळात शिकवायचा नाद सोड. प्रत्येक धड्यातली एकच जागा धर, तिथं भरपूर वेळ दे, बाकीचं वाचून घ्यायला सांग आणि वर्कशीटवर भागव. मी पहिली दोन वर्षं प्रत्येक ओळ समजावत बसले, मार्चला हिटलर राहूनच गेला आणि मुलांनी गाईड पाठ करून पेपर लिहिला, म्हणजे माझी सगळी मेहनत पाण्यात.

फ्रान्सचं काय करायचंय म्हणतात ना, त्यांना मिठापासून सांग. क्रांतीआधी फ्रान्समध्ये मिठावर गाबेल नावाचा टॅक्स होता, प्रांताप्रांतात दर वेगळा, काही भागात तर ठराविक मीठ विकत घ्यायची सक्ती, नको असलं तरी घ्या. इतका चीड आणणारा टॅक्स की १७९० ला तो रद्द झाला आणि १८०६ ला नेपोलियननं परत आणला. एवढं सांगून थांब आणि विचार, मिठावरनं आपल्याकडं काय झालं? ६ एप्रिल १९३० ची दांडी कुणीतरी सांगतंच. मग सांग की ५ मे ला गांधीजींना अटक झाली आणि त्या बातमीनं आपलं सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना फाशी दिली. रोज शाळेला येताना ज्या चौकातनं रिक्षा वळते तिथले ते चार पुतळे. माझ्या वर्गात त्या दिवशी पिनड्रॉप सायलेन्स होता, नाहीतर आमची मुलं म्हणजे मंगळवार बाजार.

पण इथं एक खबरदारी घे. सोलापूर हे दार आहे, आत फ्रान्समध्ये जायचंय. पॅरिसमध्ये जे झालं तेच सोलापुरात झालं असं एका दमात म्हणू नकोस, दोन्हीकडं राज्यकर्ते वेगळे, मागण्या वेगळ्या, त्यांचा राजा त्यांचाच आणि आपल्याकडं परकं सरकार. हा फरक मुलांना शोधायला लाव, त्यातनंच अर्धा धडा होतो.

आत गेल्यावर भाकरीपाशी थांब. १७८८ ला गारपीट झाली, पीक गेलं, हिवाळा भयंकर पडला, १७८९ ला पावाचे भाव वर चढले, आणि पॅरिसचा मजूर साध्या वर्षातही निम्मी कमाई पावावरच घालवायचा. फळ्यावर एका घराचा महिन्याचा हिशोब मांड: पगार, भाडं, जवारी, तेल. मुलं घरी विचारून भाव आणतात. मग जवारीचा भाव डबल कर आणि विचार, काय कापाल? आधी ट्यूशन कापतात, मग भाडं थकवतात, आणि मग कुणीतरी चिडून म्हणतं, "मॅडम, असं कसं ओ?" त्या क्षणाला ५ ऑक्टोबर १७८९ सांग, त्या दिवशी बाजारातल्या बायका पाव मागत व्हर्सायला, राजाच्या महालाकडं, चालत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला पॅरिसला घेऊनच आल्या.

मतदानाचा पण खेळ कर. वर्गाचे तीन गट पाड: दोन जण पाद्री, तीन जण सरदार, बाकी सगळे सामान्य, आणि प्रत्येक गटाला एकच मत. ठराव मांड की होमवर्क फक्त सामान्यांनी करायचा. दोन विरुद्ध एकनं पास होतो. पाच मिनिटं जो गोंधळ होतो तो होऊ दे, शेजारच्या वर्गाच्या बाईंना आधी सांगून ठेव मात्र. एस्टेट्स जनरलमध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या या तीन वर्गांच्या सभेत, तिसऱ्या म्हणजे सामान्यांच्या वर्गाचं भांडण हेच होतं, हे नंतर दोन वाक्यात समजतं.

रशियाला एवढा वेळ लागत नाही. ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरमध्ये झाली, कारण त्यांचं कॅलेंडर १३ दिवस मागं होतं, इतकं सांगितलं की मुलं जागी होतात.

आता हिटलर. टाळ्या वाजल्या म्हणून त्या मुलाला झापू नकोस, ते त्याचं मत नाही, मोबाईलवर पाहिलेलं आहे. त्याचाच मुद्दा हातात घे. जर्मनीतला कलोन ते बॉन हा मोटर रस्ता ऑगस्ट १९३२ ला सुरू झाला, हिटलर चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला ३० जानेवारी १९३३ ला, तारखा फळ्यावर लिही आणि गप्प बस. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत त्याला ३३ टक्के मतं होती, म्हणजे तीन जर्मनांपैकी दोघांनी त्याला मत दिलंच नव्हतं. मग विचार, तरी सत्ता त्याच्या हातात दिली कुणी, आणि का? त्यानंतर १९३५ चे न्यूरेंबर्ग कायदे: तीन किंवा चार आजी-आजोबा ज्यू तर तू ज्यू, मग तुझा देव कुठलाही असो. मुलांना आपापल्या चार आजी-आजोबांची नावं वहीत लिहायला सांग, कुणाला वाचून दाखवायला लावू नकोस. नंतर साठ लाख हा मारल्या गेलेल्या ज्यूंचा आकडा सांग. माझ्या वर्गात त्यानंतर टाळी कुणी वाजवली नाही, पण सगळ्यांना पटलं असंही नाही, एक मुलगा वर्षभर माझ्याशी वाद घालत राहिला आणि खरं सांगू का, त्याचा पेपर सगळ्यात चांगला होता.

चीनचा विषय निघालाच तर आपल्याच सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ ला तिकडं गेले आणि १९४२ ला तिथंच वारले, एवढ्यावर एक तास सहज जातो.

आणि शाळेच्या कपाटामागं जगाचा जुना गुंडाळलेला नकाशा असेल बघ, सोव्हिएत युनियन लिहिलेला. भंगारात देऊ नकोस. नव्या नकाशाशेजारी लाव आणि त्या एका देशाचे १५ देश मुलांनाच शोधू दे. फक्त उघडायच्या आधी शिपाईमामांना झटकून द्यायला सांग, आमच्या नकाशात पाल निघाली होती.