जुना डबा, बिनव्याजी हप्ता आणि भाच्याचा पेनड्राइव्ह

प्रश्न : आम्ही वेळणेश्वरला राहतो. घराच्या चार खोल्या पर्यटकांना देतो, त्याचे वर्षाला साडेपाच लाखांच्या आसपास जमा होतात. हापूसची साठेक कलमं आहेत. 2016 साली घेतलेला डेस्कटॉप आहे (सहाव्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम). विंडोज 10 चे अपडेट बंद झाल्याची सूचना सारखी येते. चिपळूणचा दुकानदार म्हणतो, यावर विंडोज 11 चालणार नाही, नवीन घ्या. रोखीने 49,500, नाहीतर 52,000 बिनव्याजी 12 हप्त्यांत, फाइल चार्ज 600. धंद्याच्या नावावर घेतला तर टॅक्स वाचेल, असंही म्हणाला. पुण्याचा भाचा म्हणतो, एसएसडी ही वेगवान डिस्क आणि थोडी रॅम घालून 4,800 रुपयांत काम होईल, वर विंडोजऐवजी लिनक्स टाकू, ते फुकट आहे. बचत खात्यात 85,000 आहेत. मुलगी बारावीला आहे. काय करू?

ताई,

भाच्याचं ऐका, फक्त त्याच्याइतकी घाई करू नका.

संगणकाचं नंतर बोलू. आधी तुमच्याकडे पैसा कधी येतो ते पाहू, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. आंब्याच्या पेट्यांचे पैसे एप्रिल-मेमध्ये. खोल्या भरतात दिवाळीत, नाताळात आणि मेच्या सुट्टीत. मार्चमध्ये लोकांच्या पोरांच्या परीक्षा, त्यामुळे अर्धं घर रिकामं. एकदा पाऊस लागला की शनिवार-रविवारी कोणी आलं तर आलं. खर्च मात्र नेमका त्याच सुमाराला उभा राहतो : आगोटीची बेगमी, घर शाकारणं, कलमांना खत. यंदा त्यात मुलीची फी. आत्ता, फेब्रुवारीत, संगणक हप्त्याने घेतलात तर मार्चपासून दरमहा 4,334 रुपये जाणार. मेपर्यंत ते जाणवणारही नाहीत. पण जून ते सप्टेंबर हे चार हप्ते मिळून 17,336 होतात, आणि ते तुम्ही कुठून भरणार हे तुमच्या पत्रातून तरी मला दिसत नाही. बचत खात्यातूनच ना?

आणि हे बिनव्याजी आहे कुठे? रोखीने 49,500 ला मिळणारी वस्तू हप्त्याने 52,000 ला, वर फाइलचे 600. म्हणजे 3,100 रुपये जास्त. ते व्याजच आहे, फक्त किमतीत मिसळलेलं. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरून हिशेब केला तर वर्षाला साडेअकरा टक्क्यांच्या आसपास पडतं. फार लुबाडणारा दर नाही, पण त्याला बिनव्याजी म्हणू नये.

टॅक्स वाचण्याचं तर मला हसूच आलं. संगणकावर 40 टक्के घसारा (वस्तू जुनी होते म्हणून नफ्यातून वजा होणारी रक्कम) मिळतो हे खरं, दुकानदार खोटं बोलला नाही. पण तो तुमच्या कामाचा नाही. खोल्यांच्या धंद्याचं विवरणपत्र तुम्ही अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने भरत असणार, ज्याला सगळे सीए अजून 44एडी म्हणतात. त्यात जमेच्या 8 टक्के (बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के) नफा धरला जातो आणि घसारा त्यातच वजा झाला असं मानतात, वेगळा मागता येत नाही. साडेपाच लाखांचे 8 टक्के म्हणजे 44,000. आंब्याचं उत्पन्न शेतीचं, त्यावर आयकर नाही. नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंत कर शून्य होतो. जो कर तुम्ही भरतच नाही तो वाचणार कसा? उलट 49,500 मध्ये 18 टक्क्यांचा जीएसटी साधारण 7,550 रुपये आहे. तुमची जीएसटी नोंदणी नसेल (सेवांना 20 लाखांच्या खाली ती लागत नाही) तर तो परत मिळत नाही.

आता मुलीचं. पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय, पण माझ्या दृष्टीने तीच ओळ मोठी. बारावीनंतर ती इंजिनीअरिंगला जावो, फार्मसीला जावो की रत्नागिरीला बीएस्सीला, बाहेर राहायला गेली की तिला लॅपटॉप लागेल. आत्ता डेस्कटॉप घेतलात तर तो वेळणेश्वरलाच राहणार आणि जुलैत दुसरं बिल येणार. एका वर्षात दोन यंत्रं, आणि घरच्या यंत्रावर काम काय, तर बुकिंगचं रजिस्टर, पावत्या, फोनवरचे मेसेज मोठ्या पडद्यावर बघणं, आंब्याच्या पेट्यांची लेबलं आणि यजमानांचा सातबारा. यातलं बहुतेक ब्राउझरमध्ये होतं. यासाठी पन्नास हजार नकोत. ते पैसे लॅपटॉपला ठेवा आणि कोणता घ्यायचा ते तिचा प्रवेश झाल्यावर ठरवा. प्रत्येक अभ्यासक्रमाची गरज वेगळी असते.

मग जुन्या डब्याचं काय करायचं?

पहिली गोष्ट आजच करा, ती फुकट आहे. विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, पण मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर, म्हणजे 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत ठेवले आहेत. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचा पर्याय दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत. त्या सूचनेला घाबरून उद्या दुकानात जायची गरज नाही, एवढं यातून नक्की होतं. (हे मूळ परवाना असलेल्या विंडोजचं झालं. दुकानदाराने तेव्हा तशीच टाकून दिलेली असेल तर ती गोष्ट वेगळी, आणि गावाकडच्या दहा डब्यांपैकी किती मूळ असतात ते तुम्हीही जाणता.)

दुसरी, एसएसडी. तुमच्या यंत्राचा संथपणा बहुतेक करून जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे आहे. प्रोसेसर तेवढा वाईट नाही. रॅमचे भाव 2025 च्या अखेरीपासून चढलेत, म्हणून भाच्याच्या 4,800 मधली फक्त एसएसडी आत्ता घ्या, रॅम गरज वाटली तर नंतर. संगणकाची पेटी उघडलीच आहे तर जुन्या रॅमच्या पट्टीची सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच पुसून घ्या. खाऱ्या हवेने ती काळवंडतात, आणि असे कितीतरी 'मेलेले' डबे माझ्या ओळखीत दहा रुपयांच्या खोडरबराने उठून बसलेत.

आता या सल्ल्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. लिनक्स नव्या एसएसडीवर टाकायचं आणि जुनी हार्ड डिस्क, आतल्या विंडोजसकट, काढून बाजूला ठेवायची. पुसायची नाही. दोन महिन्यांत लिनक्स जमलं नाही, तर स्क्रू काढा, जुनी डिस्क परत लावा, सगळं होतं तसं. नवीन संगणक घेतल्यावर असा परतीचा रस्ता नसतो. दुकानातून बाहेर पडला की त्याची किंमत उतरते आणि हप्ता तर सुरूच राहतो.

लिनक्स टाकताना जुन्या डिस्कची वायर काढलेलीच असली पाहिजे. हे मी अनुभवाने सांगतोय. काही वर्षांपूर्वी रत्नागिरीत माझ्या ऑफिसच्या यंत्रावर मी स्वतः, कोणालाही न विचारता, लिनक्स टाकायला बसलो. आत दोन डिस्क होत्या. 'संपूर्ण डिस्क पुसून बसवा' या पर्यायावर मी क्लिक केलं, आणि वर कोणती डिस्क निवडलेली आहे ते वाचलं नाही. वडिलांच्या पंच्याहत्तरीचे फोटो गेले. हिशेब दुसरीकडे होते म्हणून ते वाचले. बायको अजून त्या कार्यक्रमाचा विषय निघाला की माझ्याकडे बघते.

कोणतं लिनक्स, यावर भाचा तुम्हाला तासभर ऐकवेल. तुम्ही लिनक्स मिंट म्हणा आणि विषय संपवा. त्याची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती 4 जीबीवर चालते (ब्राउझरमध्ये दहा-पंधरा टॅब उघडलेत तर मात्र धापा टाकेल). मिंटच्या 22 या मालिकेला 2029 पर्यंत अपडेट आहेत. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, बाजूला उघडलेल्या खिडक्या, असं चेहऱ्याने ते विंडोजच्या जवळचं आहे. डाउनलोड तीनेक जीबीचं असतं, वेळणेश्वरच्या रेंजवर ते करत बसू नका, भाच्याला पुण्याहून पेनड्राइव्हवर घेऊन यायला सांगा. आणि काहीही बसवण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालू करून बघता येतं, डिस्कला हात न लावता. त्या तासाभरात तीन गोष्टी तपासा : वायफाय लागतं का, प्रिंटर छापतो का, मराठी टाइप होतं का.

मराठीची चिंता नको. इनस्क्रिप्ट, फोनेटिक सगळे कळफलक आहेत, आपल्या गमभनची पद्धतसुद्धा मिळते. अडचण आहे ती जुन्या फायलींची. तुमची पेट्यांची लेबलं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली असतील तर लिनक्सवर तिथे इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. तो तिथे नीट करत बसण्यापेक्षा विंडोज चालू आहे तोवर सगळ्या लेबलांच्या पीडीएफ काढून ठेवा, आणि मजकूर एकदा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा पद्धतीने, पुन्हा टाइप करा. मुलीला सांगा, संध्याकाळभराचं काम आहे. एक्सेलचं बुकिंग रजिस्टर लिनक्सवरच्या लिबरऑफिसमध्ये उघडेल, बेरजा-वजाबाक्या चालतील. कोणी त्यात मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) घालून दिले असतील तर ते बहुधा अडतील.

प्रिंटरचं मात्र खरंच सांगता येत नाही. काही कंपन्यांचे प्रिंटर वायर लावताच छापतात. काही जुने लेझर असे आहेत की ड्रायव्हर शोधण्यात माझे दोन रविवार गेले आणि शेवटी मी तो प्रिंटर भाच्याला... म्हणजे माझ्या भाच्याला देऊन टाकला. ज्या प्रिंटरवर पेट्यांची लेबलं निघतात तो चालत नसेल तर लिनक्सचा विषय तिथेच थांबवा. एप्रिलात पेट्या भरलेल्या आहेत आणि लेबल निघत नाही, असं व्हायला नको. त्याच कारणासाठी हे सगळं एक तर येत्या पंधरा दिवसांत करा, नाहीतर सरळ पावसाळ्यात. हंगामात अजिबात नाही.

फुकट म्हणजे खर्च नाही असं भाच्याला वाटतं, कारण त्याचा वेळ तो मोजत नाही. तुम्ही तुमचा मोजा. पहिल्या महिन्यात दोन-चार संध्याकाळी चिडचिडीत जातील. आणि तो पुण्याला परत गेला की अडलं तर कोण? त्याच्याकडून दुरून मदत घेण्याचं सॉफ्टवेअर जाण्याआधी बसवून आणि एकदा वापरून घ्या. तुम्ही टॅलीवर हिशेब ठेवत असता किंवा कंपनी काढून डिजिटल सहीने विवरणपत्रं भरत असता तर मी हा सल्ला दिलाच नसता, ती कामं विंडोजशिवाय अडतात.

राहिले पैसे. एसएसडी, आणि हजार-दीड हजारात यूपीएसची नवी बॅटरी. वायरमनला बोलावून घराचं अर्थिंगही तपासून घ्या. मे महिन्यातल्या विजांनी जितके डबे जाळलेत तितके कुठल्या व्हायरसने जाळलेले मी पाहिले नाहीत. एवढं करूनही खात्यात ऐंशी हजारांच्या आसपास राहतील, त्यांना हात लावू नका. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक घरांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, आणि पुढच्याच वर्षी तौक्ते आलं ते ऐन मेमध्ये, आंबा झाडावर असताना. कोकणात हाताशी ठेवलेली रक्कम त्या दिवसांसाठी असते. हवं तर बँकेला सांगून वरच्या पन्नास हजारांना ठेवीची जोड द्या, व्याज थोडं जास्त मिळेल आणि लागले तर काढताही येतील. चार महिन्यांचं व्याज म्हणाल तर हजारभर, त्याचं फार कौतुक नको.

लॅपटॉपसाठी वेगळी सोय मेमध्ये करा. दरमहाची आरडी तुमच्यासारख्यांना जमत नाही, पाऊस लागला की हप्ते चुकतात. त्यापेक्षा पेट्यांचे पैसे आले की पहिल्याच आठवड्यात तीस हजार बाजूला काढा, जमलं तर चाळीस. उरलेले गणपतीनंतर जमतील, किंवा मुलीला पहिले दोन महिने कॉलेजच्या लॅबवर काढू द्या, बिघडत नाही.

काढलेली हार्ड डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत सिलिकाची पुडी घालून, तारीख लिहून कपाटात ठेवा. समुद्राकडच्या खिडकीपाशी नको. आणि प्रिंटरचं मॉडेल मला कळवा. ते मागच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर असतं, समोर छापलेलं नाव अर्धवट असतं.