जे सील नाहीच, ते बदलणार कसं?

प्रश्न : मेस्त्रीमामा, नमस्कार. वडिलांची १९८४ची ॲम्बॅसिडर मार्क ४ आहे, पेट्रोल. ते गेल्यावर गाडी विकायची नाही, असं आम्ही दोघा भावांनी ठरवलं. पण रोज सकाळी गाडीखाली तळहाताएवढा तेलाचा डाग असतो, इंजिन आणि गेअरबॉक्स जिथं जोडलेत त्याच्या बरोबर खाली. पन्हाळ्याला जाऊन आलो की डाग दुप्पट. घर रस्त्यापासून चढावर असल्यानं गाडी नाक वर करून लावावी लागते. गॅरेजवाले म्हणतात, क्रँकचं मागचं सील गेलंय, इंजिन उतरवून बदलावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून धाकटा भाऊ आता गाडी विकूया म्हणतोय. काय करावं? (एक वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर : गाडी विकू नका. इंजिनही एवढ्यात उतरवू नका.

आधी गॅरेजवाल्यांना एकच विनंती करा, जे सील बदलायचंय ते नवीन सील आधी हातात आणून दाखवा. तुमचं इंजिन १४८९ सीसीचं, मूळचं ब्रिटिश बी-सीरिज घराण्यातलं, तीन मेन बेअरिंगचं, म्हणजे क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) तीन आधारांवर फिरतो. या इंजिनाला क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नसतंच. त्याजागी क्रँकवर आटे पाडलेले असतात. क्रँक फिरतो तेव्हा ते आटे मागं येणारं तेल परत पुढं ढकलतात, बोल्ट आवळताना आत आत जातो तसं. आटे आणि बाहेरचं घर यांच्यात कागदाएवढी फट असते, ते एकमेकांना टेकत नाहीत. टेकत नाहीत म्हणून झिजतही नाहीत. पुढं याच घराण्यात पाच बेअरिंगचं मोठं इंजिन आलं, त्याला मागं रबरी सील बसवलं. तुमच्या इंजिनाचं ते नव्हे.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. आटे तेल परत ढकलतात ते क्रँक फिरत असतानाच. इंजिन बंद केलं की तिथं फक्त एक उघडी फट राहते. गाडीचं नाक वर असेल तर मागं साचलेलं तेल त्या फटीतून सावकाश उतरतं. घाट चढून आलेलं तेल गरम आणि पातळ असतं, म्हणून पन्हाळ्याहून आल्यावर डाग मोठा. तेव्हा पहिला उपाय बिनपैशाचा आहे. चार दिवस गाडी रिव्हर्समध्ये आत घ्या, म्हणजे चढावर नाक खाली राहील. खाली पुठ्ठा ठेवा आणि रोजच्या डागाभोवती पेन्सिलीनं रेघ मारा.

त्याच दिवशी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, डिपस्टिक बघा. गळतंय म्हणून लोक वरचेवर तेल ओतत राहतात, पातळी खुणेच्या वर जाते, आणि जास्तीचं तेल त्याच वाटेनं बाहेर पडतं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता गाडी आली की माझा हात आधी डिपस्टिककडेच जातो.

आता ब्रीदर. पिस्टनच्या रिंगांतून थोडा वायू कायम खाली चेंबरमध्ये, म्हणजे तेलाच्या टाकीत, उतरतो, त्याला बाहेर जायला वाट लागते. तुमच्या इंजिनाला दोन वाटा आहेत. रॉकर कव्हरवरून (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) एअर क्लीनरला जाणारी रबरी नळी, आणि पुढच्या टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या कुशीचं पत्र्याचं झाकण) खाली जमिनीकडे जाणारी लोखंडी नळी. या नळ्या काळ्या चिकट मळीनं बुजल्या की चेंबरमध्ये दाब साठतो आणि जिथं फट मिळेल तिथून तो तेलाला बाहेर रेटतो. मग नवं पॅकिंग टाका, नवं सील टाका, गळायचं ते गळतंच. दोन्ही नळ्या काढा, डिझेलमध्ये भिजवा, तार घालून साफ करा, आरपार फुंकून बघा. बसवल्यावर इंजिन सुरू करून ऑइल भरायचं झाकण काढा आणि तिथं तळहात धरा. बारीक धडधड लागली तर ठीक. हात उचलला जाईल असा झोत आणि निळसर वाफ येत असेल तर रिंगा थकल्यात. तसं असेल तर प्रश्न सीलचा नाही, इंजिन बांधायचा आहे.

एवढं करूनही डाग येत असेल तर तेल नेमकं सुटतंय कुठून ते शोधायचं. तेल वरून खाली येतं, आणि चालत्या गाडीत वारा त्याला पुढून मागं नेतो. म्हणजे इंजिनावर कुठंही गळलं तरी थेंब मागंच, गेअरबॉक्सच्या जोडावर पडणार. तुमच्या मेस्त्रींना तोच थेंब दिसलाय.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९७९ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी माझ्या वस्तादांच्या हाताखाली होतो. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळवाल्यांची ॲम्बॅसिडर आली होती, थेंब तुमच्यासारखाच, मागं. वस्ताद गावाला गेलेले. मी इंजिन उतरवलं, सगळं उघडलं, साफ केलं, परत चढवलं. चार दिवस गेले. दुसऱ्या दिवशी थेंब होता तिथंच. वस्ताद आल्यावर त्यांनी इंजिन पुसलं, घरातून पावडरचा डबा मागवला, इंजिनावर पावडर मारली आणि गाडी रंकाळ्याला एक फेरी मारून आणली. मागच्या टॅपेट कव्हरखालून ओली रेघ थेट खाली उतरली होती. कव्हरखालचं बुचाचं (कॉर्कचं) पॅकिंग वाळून चिरलं होतं. त्या माणसाचं गुऱ्हाळ ऐन हंगामात असताना मी त्याची गाडी चार दिवस अडकवली, ते मला आजही लागतं.

तेच तुम्ही करा. मॅनिफोल्डखाली (हवा-धुराच्या नळकांड्यांखाली) हात घातला की इंजिनाच्या कुशीला पत्र्याची दोन कव्हरं लागतील, प्रत्येकाला मधे एक बोल्ट. तीच टॅपेट कव्हरं. ती, रॉकर कव्हर, चेंबरची कड, सगळं डिझेलनं धुऊन कोरडं करा, साधी टाल्कम पावडर मारा, वीस मिनिटं गाडी चालवा आणि बॅटरीच्या उजेडात वरून खाली बघत या. पावडरवर सर्वांत उंचावर जिथं ओल दिसेल तिथं तुमचा आजार.

पॅकिंग बदलताना घाई होते ती आवळण्यात. बोल्ट जास्त पिळला की पत्र्याची कड वाकते आणि बूच मधे फुगून बाहेर येतं. जुनं कव्हर सपाट लोखंडावर ठेवून कड हलक्या हातोडीनं सरळ करून घ्या. पॅकिंग शेलॅकनं फक्त कव्हरच्या बाजूला चिकटवा, इंजिनाच्या बाजूला ग्रीसचा हात फिरवा. मग बोल्ट बूच दबेपर्यंतच. एक आठवड्यानं पुन्हा हलका हात द्या.

मागचे आटे खरंच दोषी कधी समजायचे? इंजिन आणि गेअरबॉक्स यांच्या मधे क्लच झाकणारं घर असतं, ते बेलहाउसिंग. त्याच्या तळाला एक भोक असतं, त्यात स्प्लिट पिन लटकत असते. बाहेरून सगळं कोरडं आहे, पण त्या पिनेवरून ताजं तेल पडतंय, क्लच धरताना गाडी थरथरते किंवा चढाला क्लच घसरतो, आणि गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर पडतं, अशी लक्षणं एकत्र आली तर मेन बेअरिंग झिजलीत. क्रँक जागेवरून खाली बसला की ती कागदाएवढी फट वर मोठी होते. मग मात्र इंजिन उतरवायलाच हवं. क्रँक मोजून दहा थाऊ, वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जो लागेल तो साइज करून घ्या आणि ग्राइंडिंगवाल्याला बजावून सांगा, आट्यांना दगड लावायचा नाही. उद्यमनगरात हे काम नीट करणारे हात अजून आहेत.

धाकट्या भावाला हे पत्र वाचून दाखवा. तुमच्या गाडीचं काम बहुतेक दोन पॅकिंगांत आणि एका रविवारात निघेल.

प्रश्न : माझी प्रीमियर पद्मिनी आठ वर्षं उभी होती. आता सुरू केली, तर पुढच्या पुलीमागून तेल उडतं. सील दोनदा बदललं, महिनाभरात पुन्हा तेच. सील नकली मिळतंय का? (एक वाचक भगिनी, इचलकरंजी)

उत्तर : ताई, सीलवर संशय घेण्याआधी पुलीची मान तपासा. जिथं सीलचा ओठ फिरतो तिथं नख आडवं ओढा. नख अडकलं तर तिथं चर पडलीय. जुनं सील कडक होऊन इतकी वर्षं लोखंडावर घासलंय, आणि गाडी उभी असताना तिथं गंजही धरला. त्या चरीत कुठलंही सील टिकणार नाही.

चर हलकी असेल तर नवं सील एक-दोन मिलिमीटर पुढं किंवा मागं बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागी टेकेल. खोल असेल तर मानेवर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवून घ्या, नाहीतर हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्या. सीलवर तीन आकडे कोरलेले असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. दुकानात गाडीचं नाव सांगण्याऐवजी जुनं सील दाखवून हे आकडे जुळवा. साधं नायट्राइल रबर साधारण १०० अंशांपर्यंत तग धरतं, व्हायटन रबर २००च्या आसपास. थोडे पैसे जास्त गेले तरी व्हायटन घ्या.

बसवताना सीलची बारीक स्प्रिंग तेलाच्या बाजूला, ओठाला तेलाचं बोट. पुलीच्या चावीच्या खाचेची धार ओठ कापू शकते, तिथं हात सांभाळा. आणि टायमिंग कव्हरचे बोल्ट आधी हातानेच लावा, पुली आत सरकवून कव्हर तिच्याभोवती मधोमध येऊ द्या, मगच आवळा. कव्हर केसभर जरी एका बाजूला राहिलं तरी सील एकाच अंगानं झिजतं. दोनदा सील गेलं त्यात याचाही हात असू शकतो.

प्रश्न : गळती बंद करणारं बाटलीतलं औषध तेलात टाकावं का? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : ते रबर फुगवून मऊ करतं. कडक झालेल्या रबरी सीलला काही दिवस उतार पडतो. बुचाच्या पॅकिंगला, फेल्टच्या (लोकरीच्या नमद्याच्या) सीलला आणि वर सांगितलेल्या आट्यांना त्याचा काही उपयोग नाही. तुमची गाडी कुठली आणि थेंब कुठं पडतो ते कळवा, पुठ्ठ्यावरच्या डागाचा फोटोही पाठवा.