कालवडींना ब्रुसेलाची लस: वय चुकवू नका

गोठ्यात नवीन कालवड जन्मली की तारीख लिहून ठेवा, कारण ब्रुसेला या गाभडवणाऱ्या जंतूविरुद्धच्या लसीत सगळं वयावर आहे. ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना, म्हणजे कालवडी आणि पारड्यांना, एस-१९ लस आयुष्यात एकदाच देतात. वय उलटल्यावर दिली तर रक्तातली प्रतिपिंडं टिकून राहतात आणि पुढे तपासणीत निरोगी गायसुद्धा बाधित दिसू शकते. गाभण जनावराला दिली तर ते गाभडू शकतं. नर वासराला तर कधीच नाही.

लस जिवंत जंतूंची आहे. २ ते ८ अंशांत, बर्फाच्या डब्यातूनच आणायची. द्रावण मिसळल्यावर कुपी उन्हात राहिली तर जंतू मरतात आणि टोचणं वाया जातं. मात्रा साधारण २ मिली, मानेजवळ कातडीखाली. तरी कुपीवरची सूचना वाचाच. एक-दोन दिवस ताप किंवा थोडी सूज येते, घाबरू नका.

टोचायचं काम पशुवैद्यकांचंच. वासरू घट्ट धरा, कारण सुई हाताला लागली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर माणसालाही ब्रुसेलोसिस, म्हणजे याच जंतूचा आजार, होऊ शकतो. तसं झालं तर लगेच धुवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि एस-१९ हे नाव सांगा. त्यावर रिफॅम्पिसिन हे प्रतिजैविक चालतं, स्ट्रेप्टोमायसिननेही उपचार होतात, निर्णय त्यांचा.

कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि लसीची तारीख नोंदवून घ्या. लस असली तरी गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने उचलू नका. हातमोजे घालून चुना टाकून खोल पुरा.